अनुदान मिळालं, पॅनल बसलं. पण अनुदानामुळे बसलं का?

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा टप्प्यावरच्या मित्रमैत्रिणींकडून एक शीर्षक हल्ली वारंवार वाचायला मिळतं : ‘पीएम सूर्यघर योजनेचा कुटुंबांवरील परिणाम : एक अभ्यास’. कधी त्यात जिल्ह्याचं नाव असतं, कधी तालुक्याचं. विषय चांगलाच आहे. छतावरच्या सोलरला सरकार इतक्या मोठ्या प्रमाणावर पैसे देतंय, तर त्याचा अभ्यास व्हायलाच हवा. अडचण आहे ती ‘परिणाम’ या एका शब्दात. हा शब्द आपण शीर्षकात सहज टाकतो आणि पुढची तीन-चार वर्षं तो आपल्याला छळतो.

या लेखात त्या एकाच शब्दाकडे बघू. घरगुती सोलर किंवा घराची ऊर्जाबचत यासाठी सरकार अनुदान देतं, तेव्हा त्या अनुदानामुळे नेमकं काय घडलं हे कसं शोधायचं? जगात हे काम ज्यांनी नीट केलं, त्यांनी कोणत्या युक्त्या वापरल्या? आणि आपल्याकडच्या योजनेत त्या कुठे लागू पडतील?

योजना काय देते?

आधी आकडे समोर ठेवू. पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. उद्दिष्ट 1 कोटी घरं, मंजूर खर्च 75,021 कोटी रुपये. अनुदानाचा दर असा : पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये, आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, आणि 3 किंवा त्याहून कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी 78,000.

हे आकडे आले कुठून? सरकारनं आधारभूत किंमत धरली आहे : पहिले 2 किलोवॅट प्रत्येकी 50,000 रुपये आणि तिसरा 45,000. पहिल्या दोनांवर 60 टक्के, तिसऱ्यावर 40 टक्के. शिवाय 3 किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय, सवलतीच्या व्याजानं (2024 मध्ये ते सुमारे 7 टक्के होतं) कर्ज मिळायची सोय आहे. पॅनल भारतात बनवलेलं असावं लागतं. आणि अनुदान मिळतं ते यंत्रणा बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यानंतर, ग्राहकाच्या बँक खात्यात. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परिणाम म्हणजे कशाच्या तुलनेत?

समजा तुम्ही एका तालुक्यातली 200 अनुदानित घरं निवडली, प्रश्नावली भरून घेतली, आणि लिहिलं की ‘योजनेमुळे 200 घरांवर सोलर बसलं, वीजबिल सरासरी इतक्या टक्क्यांनी कमी झालं’. व्हायवात पहिला प्रश्न येईल : ही योजना नसती तर यातल्या किती घरांवर सोलर बसलं असतं?

याचं उत्तर ‘शून्य’ असेल तरच तुमचं वाक्य बरोबर. पण ते शून्य नसतंच. 2024 च्या आधीही लोक सोलर बसवत होतेच. पॅनलच्या किमती गेल्या दहा-पंधरा वर्षांत खूप उतरल्या आहेत. विजेचे दर वाढले. शेजाऱ्याचं बघून बसवणारेही असतात. हे सगळं योजनेसोबतच घडत होतं.

‘योजना नसती तर काय झालं असतं’ या न घडलेल्या परिस्थितीला संशोधनाच्या भाषेत काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. मराठीत आपण तिला ‘न घडलेली बाजू’ म्हणू. परिणाम म्हणजे घडलेली बाजू वजा न घडलेली बाजू. गंमत अशी की दुसरी बाजू कधीच कुणाला दिसत नाही. एकच कुटुंब एकाच वेळी अनुदान घेतलेलं आणि न घेतलेलं असू शकत नाही. त्यामुळे ती बाजू कुठून तरी उसनी आणावी लागते, आणि पद्धतीची सगळी भांडणं ती कुठून आणायची यावरच असतात.

सोपे वाटणारे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही फसवे आहेत. पहिला, आधी आणि नंतर. 2023 मध्ये किती, 2025 मध्ये किती, आणि फरक योजनेचा. पण मधल्या काळात किंमत, दर, उन्हाळा, जाहिराती सगळंच बदललं. तो सगळा बदल तुम्ही योजनेच्या खात्यावर जमा करता. दुसरा, घेतलेले आणि न घेतलेले. सोलर बसवलेलं घर आणि शेजारचं न बसवलेलं घर यांची तुलना. पण बसवलेल्याकडे स्वतःच्या मालकीचं छत आहे, हातात पैसे आहेत, बिल मोठं आहे, पोर्टलवर अर्ज भरणारं कुणीतरी घरात आहे. शेजारी कदाचित भाडेकरू असेल. या दोघांतला फरक अनुदानाआधीपासूनचा आहे.

तसंही बसवलंच असतं, असे किती?

अनुदानाच्या अभ्यासात एक शब्द सारखा भेटेल : फ्री रायडर. अनुदान नसतं तरी ज्यानं तीच वस्तू घेतलीच असती आणि तरीही ज्याला अनुदान मिळालं, तो. यात त्या माणसाचा काही दोष नाही. योजना आहे, तो पात्र आहे, त्यानं अर्ज केला. पण सरकारी पैशाच्या हिशेबात त्याला दिलेल्या रकमेनं जगात एकही जादा पॅनल आलं नाही.

हिशेब करून बघा. 100 घरांना प्रत्येकी 78,000 दिले, एकूण 78 लाख. सगळी 100 घरं अनुदानामुळेच आली असतील तर एका जादा घराला खर्च 78,000. यातली 50 घरं तशीही बसवणार होती असं धरलं, तर जादा घरं उरली 50, आणि प्रत्येक जादा घराचा खर्च 1,56,000 रुपये. सरकारनं धरलेली 3 किलोवॅटची आधारभूत किंमत आहे 1,45,000. म्हणजे या काल्पनिक उदाहरणात सरकारनं एका जादा घरामागे अख्ख्या यंत्रणेच्या किमतीहून जास्त पैसे मोजले. पोर्टलवरचा आकडा मात्र दोन्ही वेळा ‘100 लाभार्थी’ असाच दिसेल.

आता हे फ्री रायडर कोण असण्याची शक्यता जास्त? महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आठवा : 0 ते 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500, आणि 500 च्या वर. जितका वापर जास्त तितका वरच्या युनिटचा दर चढा. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. एका घराचा वापर मोठा आहे आणि सोलरमुळे त्याचे वरचे 300 युनिट वाचतात. ते सरासरी 12 रुपयांचे धरा. महिन्याला 3,600 रुपये वाचले. 3 किलोवॅटचे 1,45,000 रुपये अनुदानाशिवायही साधारण 40 महिन्यांत वसूल. अनुदान धरून स्वतःचे 67,000 घातले, तर 19 महिन्यांत.

दुसरं घर महिन्याला 90 युनिट वापरतं, दर 6 रुपये धरा. 1 किलोवॅट पुरेल. महिन्याची बचत 540 रुपये. 50,000 रुपये अनुदानाशिवाय वसूल व्हायला जवळपास 93 महिने, म्हणजे पावणेआठ वर्षं. 30,000 अनुदान धरलं तर 37 महिने.

पहिलं घर अनुदान नसतानाही ‘चला, करून टाकू’ म्हणण्याच्या जवळ होतं, आणि त्याला मिळाले 78,000. दुसऱ्याचा निर्णय अनुदानावरच अवलंबून होता, त्याला मिळाले 30,000, आणि तेही नंतर. आधी पैसे उभे करायचे, यंत्रणा बसवायची, मीटर लागायची वाट बघायची, मग खात्यात जमा. कर्जाची सोय आहे हे खरं, पण 540 रुपयांच्या बचतीसाठी बँकेचे हेलपाटे घालायचे का, हा त्या घराचा रास्त प्रश्न आहे. आणि ज्यांना स्वतःचं छतच नाही, चाळीतले, भाड्याच्या खोलीतले, ते या हिशेबात येतच नाहीत.

एवढ्यावरून ‘योजना श्रीमंतांची’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. वरचे दर मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. पण यातून एक तपासण्याजोगं गृहीतक मिळालं : अनुदानाचा खरा परिणाम कमी वापराच्या घरांत मोठा असेल आणि जास्त वापराच्या घरांत छोटा. ‘परिणाम : एक अभ्यास’पेक्षा हे वाक्य कितीतरी बरं, कारण ते चुकीचं ठरू शकतं.

मेक्सिकोतली एक रेघ

मग हे तपासायचं कसं? इथे मेक्सिकोचं एक उदाहरण कामाला येतं. तिथल्या सरकारनं 2009 ते 2012 या काळात जुने फ्रिज आणि एसी बदलून कमी वीज खाणारे नवीन घ्यायला कुटुंबांना मदत केली. 19 लाख घरांनी उपकरणं बदलली. जुनं उपकरण किमान 10 वर्षांचं असावं आणि ते जमा करावं, अशी अट होती. रोख अनुदान किती मिळणार हे घराच्या आधीच्या वीजवापरावरून ठरायचं, टप्प्याटप्प्यानं.

जडसन बूमहॉवर आणि लुकास डेव्हिस यांनी या टप्प्यांचाच उपयोग केला. जिथे टप्पा बदलतो त्या रेघेच्या किंचित अलीकडचं घर आणि किंचित पलीकडचं घर यांच्यात तसा काय फरक? जवळजवळ काहीच नाही. दोन-चार युनिट इकडे की तिकडे, हा योगायोग. पण अनुदानाची रक्कम मात्र एकदम बदलते. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना सहभागात जो फरक दिसेल तो रकमेमुळेच. न घडलेली बाजू रेघेपलीकडच्या घरांकडून उसनी घेतली. या पद्धतीला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. नाव भारदस्त आहे, कल्पना मात्र एवढीच.

निष्कर्ष 2014 मध्ये छापून आला : रक्कम बरीच कमी असती तरी बहुतेक घरं सहभागी झालीच असती, आणि साधारण निम्म्या घरांनी तर अनुदान अजिबात नसतानाही उपकरण बदललं असतं. वरच्या उदाहरणात मी 50 घरं उगाच धरली नव्हती.

आपल्याकडे अशी रेघ कुठे आहे?

सूर्यघर योजनेत वीजवापरानुसार केंद्राचं अनुदान बदलत नाही. पण क्षमतेनुसार बदलतं. 2 किलोवॅटपर्यंत पुढच्या किलोवॅटला 30,000, मग 18,000, मग 0. दोन ठिकाणी दर मोडतो. लोक खरंच अनुदानाकडे बघून निर्णय घेत असतील, तर ज्यांना एरवी थोडी मोठी यंत्रणा हवी होती त्यातले काही 2 वर किंवा 3 वर थांबतील, आणि क्षमतेचा आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसेल. याला बंचिंग म्हणतात, म्हणजे एका जागी गर्दी होणं.

पण 3 वर गर्दी दिसली की लगेच ‘अनुदानाचा परिणाम’ म्हणून नाचू नका. तिथे गर्दी व्हायची इतरही कारणं आहेत. सवलतीच्या कर्जाची मर्यादाही 3 किलोवॅटच. व्हेंडरची तयार पॅकेजंही 1, 2, 3, 5 अशीच असतात. छताचा हिशेब असतो, कारण एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. जोडणी सिंगल फेज की थ्री फेज, हाही मुद्दा येतो. आणि 2019 मध्ये मंजूर झालेल्या आधीच्या रूफटॉप योजनेतही दर 3 वरच मोडत होता : 3 किलोवॅटपर्यंत 40 टक्के, 3 ते 10 ला 20 टक्के.

मग काय करायचं? 2 कडे बघायचं. आधीच्या योजनेत 2 किलोवॅटला काहीच विशेष नव्हतं. 2024 मध्ये तिथे नवा मोड आला. 2024 आधी 2 वर किती गर्दी होती आणि नंतर किती झाली, हा पहिला फरक. पॅकेजं 2 ची आधीही होती, त्यामुळे तेवढा भाग वजा होतो. याच काळात दुकानं आणि छोटे व्यावसायिक ग्राहक यांच्या यंत्रणांचं काय झालं, हा दुसरा फरक. हे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, दुकानाला ते नाही. दुकानांमध्येही 2 वर तेवढीच गर्दी वाढली असेल, तर कारण अनुदान नसून बाजारातलं काहीतरी आहे. दोन्ही फरकांतला फरक घेतला की बरंच काही निवळतं.

दुसरी रेघ राज्याच्या बाजूनं आली आहे. महाराष्ट्र सरकारनं 2025 मध्ये ‘स्मार्ट’ नावाची जोड योजना जाहीर केली, तीत दारिद्र्यरेषेखालचे ग्राहक आणि महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी वापर असलेले ग्राहक यांना केंद्राच्या अनुदानावर राज्याचं अनुदान आहे. 100 युनिटची ही रेघ म्हणजे मेक्सिकोसारखीच संधी. मात्र एक गोष्ट आधी तपासायची : पात्रता कोणत्या काळातल्या वापरावरून ठरते? योजना जाहीर होण्याआधीचा वापर धरला असेल, तर कुणी मुद्दाम बिल कमी ठेवून आत शिरू शकत नाही आणि रेघ विश्वासाची. नंतरचा वापर चालत असेल, तर लोक रेघेच्या आत सरकायला बघतील आणि दोन्ही बाजूंची घरं सारखी राहणार नाहीत. योजनेचा शासन निर्णय म्हणजे जीआर नीट वाचणं हा संशोधनाचाच भाग आहे, तो प्रस्तावनेत डकवायचा मजकूर नाही.

रेघच नसेल तर?

सगळ्या योजनांत अशी सोयीची रेघ नसते. अमेरिकेतल्या वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅममध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांना इन्सुलेशन, फटी बुजवणं, भट्टी बदलणं अशी कामं पूर्ण मोफत करून मिळतात. ज्याला हक्क आहे त्याला ‘तुम्ही आमच्या अभ्यासात तुलनेच्या गटात आहात, तुम्हाला मिळणार नाही’ असं संशोधक म्हणू शकत नाही. ते नैतिकदृष्ट्याही बरोबर नाही.

मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वोल्फ्रम यांनी मिशिगन राज्यात सुमारे 30,000 कुटुंबं घेतली आणि योजनेऐवजी माहितीची सोडत काढली. सोडतीत निघालेल्या कुटुंबांकडे घरभेटी दिल्या, फोन केले, अर्ज भरायला मदत केली. उरलेल्यांना कुणी अडवलं नाही, फक्त वेगळं प्रोत्साहन दिलं नाही. दोन्ही गट सोडतीनं पडलेले, म्हणून सुरुवातीला सारखे.

पहिला धक्का सहभागाचा. घरामागे सरासरी 5,000 डॉलरच्या आसपासचं काम फुकट, तरी प्रोत्साहन न मिळालेल्या गटात सहभाग 1 टक्क्याहून कमी, आणि एवढी खटपट करून प्रोत्साहन गटात तो गेला सुमारे 6 टक्क्यांवर. कागदपत्रं, वाट बघणं, घरात अनोळखी माणसं येणं, अविश्वास. पैशात न मोजता येणाऱ्या या गोष्टी मोफत योजनेलाही महाग करतात.

दुसरा धक्का बचतीचा. अभियांत्रिकी मॉडेलनं जेवढी बचत सांगितली होती ती प्रत्यक्षातल्या बचतीच्या तिपटीहून जास्त निघाली. सुरुवातीचा खर्च प्रत्यक्ष ऊर्जाबचतीच्या किमतीच्या साधारण दुप्पट. लोकांनी घर जास्त गरम ठेवलं म्हणून असं झालं का, तेही त्यांनी तपासलं. तसा पुरावा मिळाला नाही.

हिशेबाची युक्ती समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. समजा प्रोत्साहन गटात सहभाग दुसऱ्या गटापेक्षा 5 टक्के जास्त आहे, आणि संपूर्ण प्रोत्साहन गटाचा सरासरी वापर दुसऱ्या गटापेक्षा 1 युनिटनं कमी आहे. हा 1 युनिटचा फरक त्या 5 टक्के घरांनीच घडवला, म्हणून त्या प्रत्येक घराची बचत 1 भागिले 0.05, म्हणजे 20 युनिट. पण हे 20 युनिट फक्त ‘सांगितलं म्हणून आलेल्या’ घरांचे आहेत. जे तसेही येणार होते किंवा जे काही केल्या येणार नव्हते, त्यांच्याबद्दल ते काही सांगत नाहीत. प्रबंधात हे वाक्य स्पष्ट लिहावं लागतं.

आपल्याकडे हे कसं जमेल? सोसायट्यांची किंवा वाड्यांची यादी करायची, चिठ्ठ्या टाकून निम्म्या निवडायच्या आणि तिथे अर्जासाठी मदतकेंद्र चालवायचं. एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं हे काम आहे. फक्त सहभागातला फरक पुरेसा मोठा येईल का, याचा अंदाज आधी छोट्या चाचणीतून घ्या. मिशिगनसारखा 5 टक्के आला तर 200 घरांचा नमुना काहीच सांगणार नाही.

बिल कमी झालं म्हणजे वापर कमी झाला का?

ही खास सोलरवाल्यांची खाच आहे. नेट मीटर लागल्यावर बिलात दिसतो तो ग्रिडमधून घेतलेल्या आणि ग्रिडला दिलेल्या विजेचा वजावट झालेला आकडा. घरात प्रत्यक्ष किती वीज वापरली गेली ते बिलावरून कळत नाही. त्यासाठी सूत्र असं : घरातला वापर = पॅनलची निर्मिती + ग्रिडमधून घेतलेली − ग्रिडला दिलेली. निर्मितीचा आकडा वेगळ्या मीटरवरून किंवा इन्व्हर्टरच्या नोंदींवरून घ्यावा लागतो.

समजा सोलर बसण्याआधी घर 250 युनिट वापरत होतं. नंतर निर्मिती 330, ग्रिडला दिले 180, ग्रिडमधून घेतले 190. बिलावर निव्वळ 10 युनिट. पण घरातला वापर निघतो 330 + 190 − 180 = 340. बिल जवळपास संपलं आणि वापर 90 युनिटनं वाढला, कारण ‘आता फुकटच आहे’ म्हणून एसी जास्त चालला. याला रिबाउंड म्हणतात. मेक्सिकोतही हे दिसलं. डेव्हिस, ॲलन फुक्स आणि पॉल गर्टलर यांच्या अभ्यासात फ्रिज बदललेल्या घरांचा वापर 8 टक्के घटला, पण तो आधीच्या अंदाजाच्या फक्त चौथाई होता. आणि एसी बदललेल्या घरांचा वापर चक्क वाढला.

मात्र वापर वाढणं म्हणजे नुकसान, असं समजू नका. विदर्भातल्या मे महिन्यात एखाद्या घरात पहिल्यांदा कूलर दिवसभर चालला, तर ते त्या घराच्या दृष्टीनं योजनेचं मोठं यश आहे. फक्त ‘वीजबचत’ या मथळ्याखाली ते लिहिता येणार नाही. तुम्ही काय मोजताय, पैसे, युनिट, कार्बन की घरातला आराम, हे आधी ठरवा.

फसलेल्या योजनेतून काय शिकायचं?

इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020 मध्ये ग्रीन होम्स ग्रँटची व्हाउचर योजना सुरू झाली. इन्सुलेशन, हीट पंप वगैरेंसाठी दोन-तृतीयांश खर्च, 5,000 पौंडांपर्यंत. कमी उत्पन्नाच्या घरांना पूर्ण खर्च, 10,000 पौंडांपर्यंत. तरतूद 1.5 अब्ज पौंड, लक्ष्य 6 लाख घरं. मार्च 2021 अखेर नवे अर्ज बंद झाले. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या अहवालानुसार सुमारे 47,500 घरांपर्यंतच योजना पोचण्याचा अंदाज होता. खर्च 31.4 कोटी पौंड, त्यात 5 कोटी प्रशासनावर, म्हणजे घरामागे 1,000 पौंडांहून जास्त.

हे आकडे घेऊन कुणी लिहिलं की ‘अनुदानाचा लोकांवर परिणाम होत नाही’, तर ते चूक. लोकांकडून मागणी आली होती. पण योजना घाईत आणली गेली, प्रमाणित कारागीर पुरेसे नव्हते, अर्ज आणि पैसे देण्याचं काम रेंगाळलं. अनुदानाची रक्कम आणि अनुदान पोचवण्याची यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या अभ्यासात त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. आपल्याकडेही अर्ज, मंजुरी, बसवणी, नेट मीटर, अनुदान जमा, या प्रत्येक पायरीच्या तारखा मिळाल्या तर गळती कुठे होते ते दिसतं. तो स्वतंत्र आणि चांगला विषय आहे.

सिनॉप्सिस लिहिताना

आता तुमच्या कागदाकडे येऊ. शीर्षकाआधी चार ओळी लिहून बघा.

एक, मला कोणता परिणाम मोजायचा आहे आणि कोणत्या एककात? ‘सोलर बसवणाऱ्या घरांची संख्या’ आणि ‘घरातला वीजवापर’ हे दोन वेगळे प्रबंध आहेत.

दोन, न घडलेली बाजू मी कुणाकडून उसनी घेणार? रेघेपलीकडची घरं, दुकानं, सोडतीत न निघालेल्या वाड्या. काहीही असो, नाव लिहा. ही ओळ रिकामी राहिली तर ‘परिणाम’ शब्द काढा आणि ‘वर्णनात्मक अभ्यास’ म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. कोणाला अनुदान मिळालं आणि कोणाला नाही, याचं नीट वर्णनसुद्धा आज फार थोड्या ठिकाणी झालेलं आहे.

तीन, माझ्या निष्कर्षाचं दुसरं कोणतं स्पष्टीकरण असू शकतं? 3 किलोवॅटच्या गर्दीसाठी वर चार-पाच कारणं आली. अशी यादी गाईडनं विचारण्याआधी आपणच करावी.

चार, डेटा कुठून? योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्यवार एकत्रित आकडे मिळतात. घरनिहाय क्षमता, तारीख, वापर हे वितरण कंपनीकडे असतं. ते मागताना नाव आणि ग्राहक क्रमांक काढून मागा, विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी सोबत जोडा, आणि परवानगीला लागणारे महिने वेळापत्रकात धरा. डेटा मिळालाच नाही तर काय करणार, हेही एका ओळीत लिहून ठेवा.

सर्वेक्षण करणार असाल तर एक प्रश्न टाळा : ‘अनुदान नसतं तर तुम्ही सोलर बसवलं असतं का?’ योजना बंद पडू नये असं वाटणारा माणूस ‘नाही’ म्हणणार, आणि स्वतःला पर्यावरणप्रेमी समजणारा ‘हो’ म्हणणार. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा. पहिलं कोटेशन कोणत्या महिन्यात घेतलं? तेव्हा किती किलोवॅटचं? योजनेबद्दल पहिल्यांदा कधी कळलं? पहिलं कोटेशन योजना कळण्याआधीचं असेल, तर तो धागा पकडण्यासारखा आहे. कोटेशनचा कागद दाखवता आला तर फारच छान. त्यावरची किंमत उतरवून घ्या. अनुदान जाहीर झाल्यावर व्हेंडरनं दर वाढवले का, म्हणजे अनुदानातला काही वाटा त्याच्याकडे गेला का, हेही त्यातून तपासता येईल.

75,021 कोटी ही रक्कम ज्या तिजोरीतून जाते त्याच तिजोरीतून शाळा आणि दवाखानेही चालतात. जे घर तशीही यंत्रणा बसवणार होतं त्याला दिलेले 78,000 आणि ज्याचं आयुष्य 30,000 नं बदललं असतं पण ज्याच्यापर्यंत योजना पोचली नाही असं घर, या दोघांतला फरक लाभार्थ्यांच्या संख्येत दिसत नाही. तो शोधून दाखवणारा अभ्यास पुढच्या योजनेचा दर ठरवताना उपयोगी पडू शकतो. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या दुसऱ्या ओळीत, म्हणजे न घडलेल्या बाजूच्या ओळीत, काय लिहिलंय ते खाली कमेंटमध्ये टाका. एकमेकांच्या ओळींना प्रश्न विचारू; व्हायवापेक्षा ते इथे झालेलं बरं.